मिठाची वाट

महसुली दफ्तरात गावाच्या नावाआधी जो शब्द लिहिलेला असतो, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ‘मौजे’ म्हणजे नांगराचे साधे गाव. ‘कसबे’ म्हणजे जिथे बाजार भरतो, जिथे उदमी आणि कारागीर वस्तीला असतात, जिथून आसपासच्या मौज्यांचा कारभार चालतो, असे पेठेचे गाव. हा भेद सुलतानी अमदानीपासून मराठी लेखणीत मुरलेला आहे. महाडच्या पूर्वेस, सह्याद्रीची भिंत जिथे अगदी अंगावर येते, त्या खोऱ्यात शिवथर या एकाच नावाच्या तीन वस्त्या आहेत: कुंभे शिवथर, आंबे शिवथर आणि कसबे शिवथर. समर्थ रामदासांच्या वास्तव्याने पुनीत झालेली आणि ‘दासबोधा’चे जन्मस्थान म्हणून मानली गेलेली घळ याच खोऱ्यात आहे, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली तिचा माग काढल्यापासून महाराष्ट्रातले भाविक तेथे येत राहिले आहेत. मला मात्र इतकी वर्षे त्या घळीइतकेच ‘कसबे’ या शब्दाने अस्वस्थ केले होते. तीन बाजूंनी कडे, चौथीकडून अरुंद वाट, नाचणी-वरीच्या उतारांपलीकडे शेत असे नाही. अशा ठिकाणी पेठ कोणाच्या जिवावर उभी राहिली असेल?

याचे उत्तर मला गेल्या चैत्रात त्याच खोऱ्यातल्या एका तरुण वाटाड्याने दिले. खोऱ्यातली काही मुले आता बाहेरून येणाऱ्यांना गड-घाट दाखवतात. त्यांनी एका दिवसाची एक निराळी सहल आखली होती: पहाटे शिवथरहून निघायचे, सकाळी रायगड पाहायचा, दुपारी पेणच्या खारपट्ट्यात जाऊन मिठागर पाहायचे, आणि रात्री पुन्हा शिवथरला येऊन जेवायचे. राजधानीचे भग्नावशेष आणि मिठाचे वाफे यांची ही जोडी ऐकणाऱ्याला विजोड वाटावी अशीच होती. मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा तो एवढेच म्हणाला, “काका, आमच्या गावावरनंच वर मीठ जायचं. गोप्या घाटानं. म्हणून तर कसबा. गड आणि मीठ येगळं नाय.”

त्या एका वाक्यासाठी मी त्या सहलीला गेलो, आणि दिवसभर जे पाहिले ते त्या एका वाक्याचा विस्तार होता.

*

पहाटे आम्ही घळीपाशी जमलो. श्रावणात जो धबधबा कानठळ्या बसवतो, तो चैत्रात कृश झालेला होता. कातळाच्या पोटात गारवा होता आणि वरच्या रानात एखादा पक्षी जागा होत होता. वाटाड्याने पूर्वेकडची खिंड दाखवली. त्या खिंडीपलीकडे भोरचा मुलूख, आणि त्यापलीकडे सारा देश. या अवघड माथ्यावरून वरंधा घाट, गोप्या घाट आणि लहानमोठ्या पाऊलवाटा कोकणातून वर चढतात. खाली सावित्री नदी बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते; भरतीच्या पाण्याबरोबर मचवे दासगावपर्यंत आणि पुढे महाडपर्यंत येत. महाडचे बंदर शिवकालाहूनही जुने आहे. गावाबाहेर गांधारपाल्याच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी ही या व्यापारी मार्गाच्या प्राचीनत्वाची दगडातली साक्ष आहे, कारण भिक्षूंचे विहार आणि व्यापाऱ्यांचे तांडे या देशात नेहमी एकाच वाटेने चाललेले दिसतात.

आता विचार करावा, की या वाटेने वर काय जात असेल. सुके मासे, नारळ, भात ही सारी खरी; पण ज्याच्यावाचून देशावरच्या कोणाही कुणब्याचे एक दिवसही भागणार नाही असा जिन्नस एकच. वऱ्हाडात पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत, तेवढा अपवाद सोडला तर घाटमाथ्यावरच्या मुलखाला मीठ समुद्राकडूनच यायचे. धान्य पिकवता येते, कापूस पिकवता येतो, गूळ करता येतो. मीठ मात्र डोंगर उतरूनच आणावे लागते. म्हणून लमाणांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन घाट चढत आणि परतताना धान्य, गूळ, मिरची घेऊन उतरत. घाटाच्या पायथ्याशी जनावरांना विसावा हवा, चारापाणी हवे, गोण्या शिवायला माणूस हवा, नाल मारायला लोहार हवा, आणि जकात घ्यायला सरकारचा कारकून हवा. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की मौज्याचा कसबा होतो. शिवथरचे खोरे जावळीच्या मोऱ्यांच्या अमलाखाली होते, आणि जावळीचे सामर्थ्य नुसत्या निबिड अरण्यात नव्हते. समुद्र आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटा ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत दोन्हीकडचा व्यवहार, हे त्या सामर्थ्याचे खरे रहस्य होते. शिवाजीमहाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीचा डोंगर हस्तगत केला, तेव्हा एका गढीबरोबर या साऱ्या वाटा स्वराज्यात आल्या.

*

रायरीचाच पुढे रायगड झाला. पाचाडला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी वाटाड्याने पायातले काढले आणि बाकीच्यांनीही न सांगता काढले. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी, आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, मातोश्रींनी येथे देह ठेवला. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नसे म्हणून पायथ्याशी त्यांचा वाडा होता, असे सांगतात. एका आयुष्याचे प्रयोजन पुरे होणे आणि ते आयुष्य संपणे यांत इतके थोडे अंतर असावे, या विचाराने त्या साध्या चौथऱ्यासमोर माणूस आपोआप अबोल होतो.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पूर्वी चढायला साऱ्या पायऱ्याच होत्या. १९९६ पासून रज्जुमार्ग झाला आणि वृद्धांनाही ते दर्शन सुलभ झाले. आमच्यातले निम्मे पायऱ्यांनी गेले, निम्मे पाळण्याने. वर आल्यावर वाटाड्याने आम्हांला प्रथम नगारखान्याच्या दारात उभे केले. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन येथे आला होता, आणि दारापाशी झुलणारे दोन लहान हत्ती पाहून, ही जनावरे या उभ्या कड्यावर चढवली कशी, याचा त्याला मोठा अचंबा वाटला, हे त्याने लिहून ठेवले आहे. नगारखान्यातून समोर पाहिले की राजसभेची फरसबंद जमीन पसरते आणि तिच्या टोकाला सिंहासनाची जागा येते. छप्पर नाही, खांब नाहीत, पडदे नाहीत; आहेत ती जोती, आणि त्यांवर आकाश.

या भग्नतेचा इतिहासही वाटाड्याने नेमका सांगितला. १६८९ च्या अखेरीस गड मोगलांकडे गेला. पुढे मराठ्यांकडे परत आला. आणि मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, तेव्हा लाकडी इमारतींना लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकूड जळाले आणि दगड राहिला. आज आपण जो रायगड पाहतो तो त्या अग्नीतून उरलेला आहे. पुढे दीर्घकाळ गडाची वाट रानाने झाकली. लोकमान्यांच्या पुढाकाराने १८९६ साली येथे उत्सव झाला, शिवाजीमहाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकांनी पैसा-पैसा जमवला, आणि विस्मृतीत पडलेला एक चौथरा पुन्हा राष्ट्राच्या डोळ्यांसमोर आला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत रायगड आहे. जगदीश्वराच्या मंदिराशी पायरीवर हिरोजी इंदुलकराने आपले नाव कोरून ठेवले आहे. ज्याने राजधानी बांधली त्याला मंदिरात येणाऱ्या माणसांच्या पायांखालची जागा पुरेशी वाटली. ती पायरी ओलांडताना प्रत्येकाचे पाऊल किंचित अडखळते, आणि अडखळावेच.

मग बाजारपेठ. मधोमध रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना बावीस-बावीस दुकानांची जोती. जोती पुरुषभर उंच असल्यामुळे घोड्यावर बसूनच लोक खरेदी करीत, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो; आमच्या वाटाड्यानेही ती सांगितली आणि लगेच तो म्हणाला, “सांगतात असं. पण मला वाटतं, इथला पाऊस बघून जोती उंच घेतली असतील.” त्याचे हे म्हणणे मला पटले. या गडावर पावसाळ्यात ढग जमिनीवरून चालतात. अशा ओल्या माथ्यावर धान्य, कापड आणि मीठ कोरडे ठेवणे हीच मुळात एक विद्या आहे. यांपैकी एखाद्या ओट्यावर मिठाची गोणी उघडी असणारच. कारण गडावर शिबंदी होती, कारखाने होते, मुदपाकखाने होते, जनावरे होती, आणि राजाच्या ताटापासून पागेतल्या घोड्याच्या चंदीपर्यंत मीठ कोणालाच चुकलेले नाही.

त्या ओट्यांच्या रांगेत उभे राहून वाटाड्याने महाराजांच्या एका पत्राची हकीकत सांगितली. ते पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, पण त्याचा खरा अर्थ या बाजारात उभे राहिल्यावरच मला लागला. १६७१ सालचे हे पत्र कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास लिहिलेले आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त पडत होते. व्यापारी तिकडून मीठ भरून घाटावर नेऊ लागले होते. त्यामुळे संगमेश्वराकडच्या आपल्या मिठाचा उठाव बसण्याची आणि आपल्या बंदरांचा व्यवहार मोडण्याची भीती होती. महाराजांनी सरसुभेदाराला आज्ञा केली, की बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवावी, की त्याचा भाव संगमेश्वरच्या मिठापेक्षा चढा पडावा. परक्या मालाशी स्पर्धेत आपल्या रयतेच्या मालाचे रक्षण जकातीने करावे, हे अर्थशास्त्राचे सूत्र आपण फार पुढच्या काळातले मानतो. ते सतराव्या शतकात एका राजाने मिठाच्या गोणीवर लावून दाखवले. सिंहासनाचा विचार करणारे मन मिठागरातल्या आगऱ्याचाही विचार करीत होते, आणि दोहोंत त्याला उच्चनीच भेद दिसत नव्हता. माझ्या मते रायगडाच्या साऱ्या अवशेषांत जे सर्वांत थोर आहे ते दगडात नाही. ते त्या पत्रात आहे.

*

दुपारी गड उतरून आम्ही महामार्गाला लागलो. माणगाव, कोलाड, नागोठणे मागे पडत गेले, डोंगर डावी-उजवीकडे सरकले, आणि वडखळ-पेणच्या आसपास जमीन एकाएकी सपाट झाली. हाच खारपट्टा. समुद्राच्या तोंडातून घास काढावा तशी येथली भातशेती पिढ्यान्‌पिढ्यांच्या बांधबंदिस्तीने खाजणातून काढलेली आहे. बांधाच्या आत गोडे पाणी आणि भात, बांधाच्या बाहेर भरती आणि चिखल. आणि या दोहोंच्या मध्ये जिथे खारे पाणी मुद्दाम आत घेतात, ते मिठागर. मिठागराला ‘आगर’ म्हणतात आणि त्यात राबणाऱ्याला आगरी. उत्तर कोकणातल्या एका कष्टाळू आणि अभिमानी समाजाने आपले नावच या व्यवसायावरून घेतले आहे.

आम्ही बांधावरून चालत गेलो तेव्हा उन्हाचा कडाका होता, आणि वाफ्यांमध्ये आकाश असे काही उतरले होते की डोळे मिटावे लागत होते. कामाचा म्होरक्या मध्यम वयाचा गृहस्थ होता. त्याने आम्हांला वाफ्यांच्या क्रमानेच सारी क्रिया समजावली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दार उघडून खाडीचे पाणी प्रथम मोठ्या तळ्यात घेतात. तेथे गाळ बसतो. मग पाटाने ते उथळ तापवण्यांत सोडतात. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा पाणी पितात आणि क्षार मागे राहतो. समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांपैकी सुमारे २७ किलो खाण्याचे मीठ असते. बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचे क्षार. निसर्गाची योजना अशी, की पाणी दाट होत जाताना हे क्षार एकदम बसत नाहीत, आपापल्या पाळीने बसतात. जिप्सम आधी तापवण्यांतच तळाला जाते. मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते. आणि कडवट क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते पाणी वेळेवर सोडून दिले तर मीठ गोड, आणि लोभाने ठेवले तर मीठ कडू आणि ओले. प्रयोगशाळेत हे घनतामापकाने मोजतात. येथे डोळ्याने, जिभेने आणि पावलाने मोजतात.

पावलाने म्हणजे कसे, ते एका आजींनी दाखवले. गुडघ्यापर्यंत लुगडे खोचून त्या वाफ्यात उभ्या होत्या, वय सत्तरीच्या आसपास, पायांची कातडी मिठाने पांढरी आणि चिरलेली. मी विचारले, “आजी, मीठ झाले हे कळते कसे?” त्यांनी पाऊल थोडे पुढे सरकवले, पाण्याखाली बारीक आवाज झाला, आणि त्या म्हणाल्या, “पायाखाली करकर वाजलं का समजायचं, बसाया लागलं.” मग लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ हलकेच ओढून कडेला त्याची रास केली, इतक्या हलकेच की तळाची माती वर येऊ नये. कारण तळ हेच मिठागराचे मर्म. पावसाळा सरला की महिना-दीड महिना बांध दुरुस्त करण्यात जातो. त्यानंतर वाफ्याची जमीन चोपून चोपून खळ्यासारखी घट्ट आणि गुळगुळीत करावी लागते. तळ जितका घट्ट, मीठ तितके पांढरे. पौष-माघात पाणी फिरू लागते, चैत्र-वैशाखात मीठ भरात येते, आणि मृगाची पहिली सर आली की सारे संपते. रासा पेंढ्याने शाकारून ठेवतात. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस आला तर दोन-तीन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत पाण्यात विरघळते. समुद्राने दिलेले समुद्राकडे परत जाते. वाफ्यांच्या कडेला त्या वेळी शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांवर संथ चालत होते, आणि माणसांच्या त्या कामाशी त्यांचे जुने नाते असावे तसे न भिता चरत होते.

मला या वेळी दूरच्या एका देशाची आठवण झाली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात कुस्कोच्या उत्तरेस मारास नावाचे गाव आहे. तेथे समुद्र नाही. डोंगराच्या पोटातून खाऱ्या पाण्याचा एक झरा निघतो आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या तीन हजारांहून अधिक लहान कुंडांत फिरतो. इंका साम्राज्याच्याही आधीपासून तेथे मीठ पिकते असे मानतात, आणि आजही ती कुंडे गावातल्या कुटुंबांकडे वाटलेली आहेत. पाटाचे पाणी कोणी कधी घ्यायचे, हे गाव मिळून ठरवते. त्याच पठारावर मोराय येथे इंकांनी वर्तुळाकार खोल पायऱ्यांची शेती कोरून ठेवली आहे. परदेशी प्रवासी एकाच दिवसात ही दोन्ही स्थळे पाहतात: आधी साम्राज्याचा अवशेष, मग मिठाची कुंडे. साम्राज्य लयाला गेले, त्याचे राजे गेले, त्याच्या गाठींच्या दोऱ्यांतल्या नोंदींचा पुरता अर्थ आज कोणाला लागत नाही. पण झरा आणि पाटाची पाळी चालू आहे. शिवथरच्या तरुणांनी आखलेली सहल ही त्या दूरच्या सहलीची सख्खी बहीण आहे, आणि तिला स्वतःचा असा एक अर्थ आहे जो पेरूत नाही: येथे राजाने मीठ पाहिले होते आणि त्यावर पत्र लिहिले होते.

*

राज्ये मिठाकडे पाहतात ती दोन रीतींनी. एका रीतीने पाहिले म्हणजे मीठ हे रयतेचे पोट. दुसऱ्या रीतीने पाहिले म्हणजे जे कोणी टाळू शकत नाही ते करपात्र. इंग्रजी अमलाने दुसरी रीत पत्करली. जकातीचे पहारे बसले, सरकारच्या परवान्यावाचून मीठ करणे हा गुन्हा ठरला, आणि ज्या किनाऱ्यावर समुद्र रोज मीठ आणून टाकतो तेथे मूठभर मीठ उचलणारा आरोपी झाला. म्हणूनच ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर उचललेली चिमूट साऱ्या साम्राज्याला जड गेली. महाराष्ट्रात शिरोड्याला आणि मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रही धावून गेले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. मिठावरचा कर अखेर १९४७ साली उठला. एकाच जिन्नसावरची दोन फर्माने आपण शेजारी ठेवून पाहावीत: एकात राजा परक्या मिठावर जकात बसवतो, की आपला आगरी जगावा, दुसऱ्यात परका राजा आपल्याच मिठावर कर बसवतो, की खजिना भरावा. जकात दोन्हीकडे आहे. नीती एकीकडेच आहे.

आणि आजची स्थिती? कर नाही, पहारा नाही, तरीही आगर ओसरत चालले आहे. देशातले तीन-चतुर्थांशांहून अधिक मीठ आता गुजरातच्या कोरड्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर पिकते, आणि त्या भावापुढे कोकणचे लहान वाफे टिकत नाहीत. थेट खाण्यासाठी आयोडीनयुक्त मीठच विकावे असा नियम २००६ पासून सर्वत्र लागू आहे. गलगंडासारख्या विकारांच्या निवारणासाठी तो योग्यच आहे, पण आयोडीन मिसळण्याची यंत्रे लहान आगरवाल्याच्या आवाक्यात नसतात. उरणकडची शेते आणि मिठागरे नव्या मुंबईच्या आणि बंदराच्या भूसंपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात आगरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीच्या मोलासाठी रक्त सांडले, तेव्हा कुठे विकसित भूखंडाचा हक्क मान्य झाला. मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनींवर आता घरबांधणीच्या योजना आहेत. मुले शिकली, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली. त्या मुलांनी उन्हात पाय चिरून घ्यावेत असे कोणता सहृदय माणूस म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. पण म्हणून ही विद्या निनावी बुडावी, हेही मला मान्य होत नाही.

येथेच मला त्या दिवसाचे सार गवसले. गडाचा अवशेष आणि आगराचा अवशेष यांत एक मूलभूत अंतर आहे. गड जळाला तरी जोते राहते; शतकभर रान माजले तरी कोणीतरी येऊन ते मोकळे करतो, त्यावर छत्री उभारतो, त्याला वारसा म्हणतो. मिठागराचा बांध मात्र एका पावसाळ्यापुरताच टिकाऊ असतो. दोन वर्षे हात लागला नाही की उधाण त्याला फोडते, तिवराचे रोप उगवते, आणि दहा वर्षांनी येथे तीन-चारशे वर्षे मीठ पिकत होते हे सांगायला एक चिरासुद्धा शिल्लक राहत नाही. जे दगडाने बांधले त्याला काळ मारतो पण विसरत नाही. जे केवळ हातांनी, दरसाल, पुन्हापुन्हा बांधले, ते हात थांबल्याबरोबर नाहीसे होते. आपला इतिहास मात्र अवशेषांवरूनच लिहिला जातो. त्यामुळे ज्यांनी अवशेष ठेवले त्यांची नावे राहिली, आणि ज्यांनी मीठ ठेवले त्यांची गेली. महाराजांच्या पत्राचे मोठेपण यात आहे, की ज्याच्या कामाचा मागमूस राहणार नाही अशा माणसाला त्यांनी राज्याच्या लेखी जागा दिली. रायगडाचा वारसा आपण खरोखर घेतला असेल, तर गडाच्या दगडाबरोबर आगराच्या तळाचीही नोंद झाली पाहिजे: बांध कसा घालतात, तळ कसा चोपतात, कडू पाणी कधी सोडतात, कोणत्या उधाणाला दार उघडतात, याची, सांगणाऱ्या माणसांच्या नावांनिशी, त्यांच्याच बोलीत. जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना वर्षातून एकदा गडावर न्यावे आणि एकदा मिठागरावर. दोन्ही ठिकाणी एकच धडा आहे.

*

निघताना आजींनी वाफ्याच्या कडेच्या राशीतून ओंजळभर मीठ उचलले आणि माझ्या रुमालात घातले. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. “मिठाचे कसले पैसे घेऊ? न्या घरी,” एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा पाण्यात उतरल्या. रुमालाची गाठ मारताना माझ्या लक्षात आले, की मीठ अजून ओले आहे, आणि त्याला खाडीचा वास आहे.

परतीचा प्रवास अंधारात झाला. महाड ओलांडले, बिरवाडीवरून वळलो, आणि रात्री उशिरा कसबे शिवथरला वाटाड्याच्या घरी पोहोचलो. पडवीत पत्रावळी मांडल्या होत्या. आपल्याकडे पान वाढताना सर्वांत आधी मीठ वाढतात. पानाच्या माथ्यावर, मध्यभागी, चिमूटभर. मग त्याच्या डाव्या-उजव्या अंगांनी बाकीचे पदार्थ येतात. लहानपणापासून हे मी पाहत आलो आहे आणि त्याचा विचार कधी केला नव्हता. त्या रात्री वाटाड्याच्या आईने डब्याकडे हात नेला, तेव्हा मी रुमालाची गाठ सोडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ते मीठ बोटांत चुरून पाहिले, “खाडीचं हाय,” म्हणाल्या, आणि ओळीने प्रत्येक पानावर एकेक चिमूट ठेवीत गेल्या. खालून आलेले मीठ कितीतरी वर्षांनी पुन्हा या कसब्यात उतरले होते. बाहेर गोप्या घाटाची खिंड काळोखात बुडाली होती, आणि आत भाताची वाफ निघत होती.